विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे शालेय शिक्षण : महाराष्ट्र

दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, बुद्धी, वर्तन किंवा अध्ययनक्षमता यांपैकी एका वा अनेक बाबतींत भिन्न असल्यामुळे ज्या मुलांना सर्वसाधारण वर्गातील नेहमीच्या अध्यापनाचा पुरेसा लाभ घेता येत नाही, त्यांना शोधून त्यांच्या गरजेप्रमाणे साधने, अध्यापनपद्धती आणि सवलती पुरविण्याच्या व्यवस्थेस विशेष शिक्षण असे म्हणतात. ही व्यवस्था तीन प्रकारची असू शकते : (१) केवळ अशा मुलांसाठी चालविलेली विशेष शाळा; (२) सर्वसाधारण शाळेत प्रवेश देऊन जादा साहाय्य पुरविणारे एकात्म शिक्षण; आणि (३) शाळेची इमारत, पाठ्यक्रम, अध्यापन व परीक्षा यांतच बदल करून सर्व मुलांना सामावून घेणारे समावेशित शिक्षण. महाराष्ट्रात हे तिन्ही प्रकार साधारणपणे याच क्रमाने आले. मात्र नवा प्रकार आल्यावर जुना नाहीसा झाला नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हे टप्पे जितके स्पष्ट दिसतात, तितके ते किनाऱ्यावरील व डोंगराळ भागातील गावांत दिसत नाहीत. म्हणून प्रस्तुत नोंदीत राज्याच्या इतिहासाबरोबरच रेवदंडा (ता. अलिबाग, जि. रायगड) या किनारी गावाच्या परिसराचाही उदाहरणादाखल विचार केला आहे.

पारिभाषिक संज्ञा : एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘आंधळे’, ‘मुके-बहिरे’, ‘लुळे-पांगळे’, ‘वेडसर’ असे शब्द शासकीय कागदपत्रांतही सर्रास वापरले जात. पुढे ‘अपंग’, ‘मूकबधिर’, ‘मतिमंद’ या संज्ञा रूढ झाल्या. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीच्या १९७८ च्या अहवालाने ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही कल्पना पुढे आणली. मुलाला कोणता विकार आहे यापेक्षा त्याला शिकण्यासाठी काय लागते, हा प्रश्न तिच्यामुळे महत्त्वाचा ठरला. भारतात सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ‘विशेष गरजा असणारी मुले’ ही संज्ञा शाळांच्या दप्तरात आली, तर अलीकडे शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. बदलत गेलेल्या या शब्दांतून बदलत गेलेले धोरणही दिसून येते.

पार्श्वभूमी : पाश्चात्त्य देशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे आबे द लेपे यांनी बधिरांसाठी आणि व्हालांतँ आयुई यांनी अंधांसाठी शाळा सुरू केल्या. लूई ब्रेल हे पॅरिसच्या अंधशाळेचेच विद्यार्थी होते. मंदगती मुलांचा शास्त्रीय शोध घेण्याचा आरंभ याच शहरात झाला. सार्वत्रिक शिक्षण सुरू झाल्यावर काही मुले वर्गात मागे पडतात, असे आढळून आले. त्यांपैकी कोणाला वेगळ्या अध्यापनाची गरज आहे, हे ठरविण्यासाठी आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. अर्थात सर्व मुले शाळेत येऊ लागल्यावरच वेगळी मुले दिसू लागली. महाराष्ट्रातही हाच अनुभव आला. परंतु येथे सर्व मुले शाळेत येण्यास बराच काळ जावा लागला.

मुंबई इलाख्यातील आरंभ : भारतातील बधिरांच्या पहिल्या शाळांपैकी एक मुंबईत माझगाव येथे १८८५ च्या सुमारास रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने स्थापन झाली. अंधांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरिअल अंधशाळा स्थापन झाली. डॉ. नीलकंठराय छत्रपती या अंध गृहस्थांनी गुजराती व मराठी भाषांसाठी ब्रेलची जुळणी केली होती. भारतीय भाषांसाठी ब्रेलच्या अशा निरनिराळ्या जुळण्या प्रचारात असल्यामुळे एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंधास वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धती मान्य होऊन ही अडचण दूर झाली.

अमेरिकन मराठी मिशनचा रेवदंड्याशी असलेला संबंध याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या मिशनने अलिबाग, चौल, रेवदंडा या किनारपट्टीत देशी भाषेच्या शाळा चालविल्या होत्या व त्यांत बेने इस्राएल मुलांचाही समावेश होता. रेवदंडा हे कुंडलिका नदीच्या मुखाशी, जुन्या पोर्तुगीज कोटात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये वसलेले गाव असून तेथे कोळी, आगरी, बागायतदार, मुसलमान आणि बेने इस्राएल अशी संमिश्र वस्ती होती. तेथे सर्वसाधारण शाळा इतक्या लवकर आली, तरी अंध वा बधिर मुलासाठीची सोय मात्र मुंबईतच राहिली. तेथे जाण्यासाठी खाडी ओलांडावी लागे, जलप्रवास करावा लागे आणि मुलाला वसतिगृहात ठेवावे लागे. मिशन वा धर्मादाय संस्थेची ओळख असलेल्या एखाद्या कुटुंबालाच हे शक्य होते. इतरांची मुले घरीच राहिली.

कायद्याची भूमिका : मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणासंबंधीचे कायदे १९२३ व १९४७ मध्ये झाले आणि प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा शाळा मंडळांकडे आला. सक्तीच्या शिक्षणाच्या तत्कालीन कल्पनेत आजारपण किंवा शारीरिक दुर्बलता हे मुलाच्या गैरहजेरीचे समर्थनीय कारण मानले जाई. पालकावर खटला भरला जाऊ नये, हा त्यामागील हेतू दयेचा होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की अपंग मूल शाळेत नसले तर त्याचा जाब विचारण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याच्या गरजेची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. १९४४ च्या सार्जंट योजनेने अपंगांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणपद्धतीचा आवश्यक भाग असला पाहिजे, असे म्हटले होते. तथापि ती शिफारस दीर्घकाळ कागदावरच राहिली.

बुद्धिमापनाचा मराठी प्रयत्न : मुलांची पारख करण्याचे साधन स्थानिक भाषेत असावे, या दृष्टीने व्ही. व्ही. कामत यांचे कार्य महत्त्वाचे आहे. त्यांनी बिने-श्रेणीचे मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती पुढे अनेक दशके रुग्णालयांत व बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. अशा कसोट्यांची मर्यादाही लवकरच लक्षात आली. कसोटीतील शब्द, चित्रे व प्रसंग मुलाच्या घरच्या भाषेत व अनुभवात नसतील, तर येणारा गुणांक बुद्धीचा न राहता परिचयाचा ठरतो. शहरी मुलासाठी सोपा असणारा प्रश्न मासेमारीच्या किंवा डोंगरातील वस्तीवरील मुलास अनोळखी असू शकतो.

स्वयंसेवी संस्थांचे पर्व : स्वातंत्र्याच्या आगेमागे विशेष शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने पालक, डॉक्टर व समाजसेवक यांनी केला. जय वकील यांनी १९४४ मध्ये मुंबईत मतिमंद मुलांसाठी शाळा सुरू केली. राष्ट्रीय अंध संघाची (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) स्थापना मुंबईत १९५२ मध्ये झाली. पुण्यात १९६४ पासून कामायनी ही संस्था मतिमंद मुलांसाठी कार्य करू लागली. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत केंद्र उघडले. त्यातूनच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था वाढली. बधिरांध मुलांसाठीची हेलन केलर संस्था १९७७ मध्ये सुरू झाली. केंद्र शासनाने श्रवणदोष असलेल्यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये वांद्रे येथे स्थापन केली. बुद्धीने असामान्य असलेल्या मुलांच्याही गरजा वेगळ्या असतात, या विचारातून पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन झाली, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे.

या संस्थांनी तज्ज्ञ शिक्षक घडविले, अध्यापनाची साधने तयार केली आणि अपंग मूल शिकू शकते हे सिद्ध केले. मात्र त्या बहुतेक शहरांत होत्या आणि त्यांच्याकडे येणारे मूल कोणीतरी ओळखून पाठविलेले असे. खेड्यातील मुलाला कोणी ओळखायचे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

दोन खात्यांची विभागणी : महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि रेवदंड्यासारख्या गावांतील प्राथमिक शाळा कुलाबा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आल्या (१ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले). विशेष शाळांची मान्यता व अनुदान ही बाब मात्र समाजकल्याण खात्याकडे राहिली. त्यामुळे एकाच मुलाचा विचार दोन वेगळ्या खात्यांत होऊ लागला. शाळेत असेल तर ते शिक्षण विभागाचे आणि अपंग म्हणून नोंदले गेले तर ते समाजकल्याणाचे. गावच्या शाळेतील शिक्षकास एखादे मूल ऐकण्यात कमी आहे असे वाटले, तर त्याने ते कोणास कळवावे, याची निश्चित वाट नव्हती. या विभागणीचे परिणाम दीर्घकाळ जाणवत राहिले. अपंग कल्याणासाठी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला; तरी सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षण हे शालेय शिक्षण विभागाचेच काम राहिले.

एकात्म शिक्षणाकडे : दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) अपंगांचे शिक्षण ही दयेची बाब नसून समान संधीची बाब आहे, अशी भूमिका घेतली. मूळचे कोल्हापूर भागातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९८६ पर्यंत अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सु. १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी सु. ५ टक्के मुलांना शिक्षण मिळावे, असे लक्ष्य आयोगाने ठेवले. ही उद्दिष्टे आज फारच लहान वाटतात. परंतु त्यांवरूनच त्या काळी किती मुले शाळेबाहेर होती याची कल्पना येते.

केंद्र शासनाने १९७४ मध्ये अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली व १९८२ मध्ये ती समाजकल्याण खात्याकडून शिक्षण खात्याकडे आणली. सर्वसाधारण शाळेतील अपंग विद्यार्थ्यास पुस्तके, गणवेश, उपकरणे आणि प्रवास, वाचक व मदतनीस यांसाठी भत्ते देण्याची तरतूद तीत होती. १९९२ च्या सुधारित योजनेत प्रवासासाठी व अंध विद्यार्थ्याच्या वाचकासाठी दरमहा ५० रु. आणि तीव्र अपंगांच्या मदतनिसासाठी दरमहा ७५ रु. असे दर होते. आठ मुलांमागे एक संसाधन शिक्षक हे प्रमाण ठरविण्यात आले होते. शहरात एका शाळेत अशी आठ मुले मिळू शकत. किनाऱ्यावरील लहान गावात ती आठ शाळांत विखुरलेली असत. त्यामुळे योजना प्रत्यक्षात शहरांतील व मोठ्या गावांतील शाळांपुरतीच अधिक राहिली.

ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनिसेफ यांनी १९८७ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. शाळा हा घटक न धरता संपूर्ण विकासगट हा घटक धरावा, ही त्याची कल्पना होती. त्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. गटातील सर्व शिक्षकांस अल्पकालीन प्रशिक्षण, त्यांपैकी सु. १० टक्के शिक्षकांस सहा आठवड्यांचे प्रशिक्षण आणि मोजक्या शिक्षकांस वर्षभराचे बहुविध प्रशिक्षण, अशी त्याची तीन पायऱ्यांची रचना होती. विशेष मुलाला प्रथम ओळखणारी व्यक्ती तज्ज्ञ नसून वर्गशिक्षकच असते, हे तत्त्व या प्रकल्पाने प्रथम व्यवहारात आणले. पुढील सर्व योजनांचा पाया याच तत्त्वावर उभा आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सौम्य अपंगत्व असलेल्या मुलांचे शिक्षण शक्यतो इतर मुलांबरोबर व्हावे आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहयुक्त विशेष शाळा असाव्यात, असे सुचविले. सालामांका (स्पेन) येथे १९९४ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेने सर्वसाधारण शाळा हेच सर्व मुलांचे स्थान मानले. मुंबईतही या विचाराचा प्रभाव पडला. ज्या स्पॅस्टिक्स सोसायटीने विशेष शाळा उभारली होती, तिनेच १९९९ मध्ये समावेशनासाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र सुरू केले व आपले विद्यार्थी सर्वसाधारण शाळांत पाठविण्यास आरंभ केला.

अध्ययन अक्षमता : अंधत्व वा पायाचे व्यंग सहज दिसते, वाचनाची, लेखनाची वा गणनाची अक्षमता दिसत नाही. असे मूल बोलण्यात हुशार असते, परंतु वाचताना अडखळते आणि म्हणून आळशी वा हट्टी ठरते. देवनागरीत ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘ब’ व ‘व’ यांसारख्या अक्षरांतील गोंधळ, उच्चारात नंतर येणारी पण लेखनात अक्षराच्या आधी काढावी लागणारी पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या ठिकाणी ही अडचण विशेषेकरून प्रकट होते. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांस माध्यमिक शालान्त परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती देण्यास आरंभ केला. याबाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

सवलतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोजक्या शासकीय व महापालिका रुग्णालयांतील केंद्रांवर सर्व भार पडला. प्रमाणित कसोट्या प्रामुख्याने इंग्रजीत असल्यामुळे या सवलतींचा लाभ आरंभी महानगरातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांस अधिक मिळाला. मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळेतील मुलात तोच दोष असला, तरी तो ‘कच्चा विद्यार्थी’ म्हणूनच वरच्या वर्गात ढकलला गेला किंवा शाळा सोडून गेला.

अधिकाराचा काळ : १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अठरा वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली, परंतु त्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २००१ पासून राबविलेल्या सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलास प्रवेश नाकारू नये, असे धोरण स्वीकारले व प्रत्येक विशेष गरजा असणाऱ्या मुलामागे प्रतिवर्षी १,२०० रु. पर्यंत खर्चाची तरतूद केली. ती पुढे ३,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांना त्यात स्थान मिळाले. २०१८ पासून या सर्व योजना समग्र शिक्षा या एका योजनेत समाविष्ट झाल्या.

शोधाची सध्याची पद्धती : रेवदंड्याच्या परिसरातील जिल्हा परिषद शाळेतील मुलाचा विचार केल्यास हा शोध पुढील पायऱ्यांनी होतो. वर्गशिक्षक निरीक्षणसूचीच्या आधारे मुलाच्या पाहण्या-ऐकण्याची, बोलण्याची, हालचालीची व वाचन-लेखनाची नोंद घेतो. यासाठी राष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही पडताळणी-सूची भ्रमणध्वनीवरही उपलब्ध करून दिली. अलिबागच्या गटसाधन केंद्रातील विषयतज्ज्ञ व विशेष शिक्षक शाळेस भेट देऊन मूल पाहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांची तपासणी करतात. या राष्ट्रव्यापी कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला होता. त्यानंतर मोजमाप-शिबिर होते आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागते. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास कायद्यातील बहुतेक लाभ मिळू शकतात.

शोधानंतर मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावयाचा असतो. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कॅलिपर, मोठ्या अक्षरांची वा ब्रेल पुस्तके, प्रवास व मदतनीस भत्ता, मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता, भौतिकोपचार, गृहाधारित शिक्षण, शाळेत उतरंड व योग्य स्वच्छतागृह, तसेच परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांपैकी आवश्यक ते साहाय्य त्यात अंतर्भूत असते. अध्यापनातील साधे बदलही तितकेच महत्त्वाचे ठरतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे बसविणे व त्याच्याकडे तोंड करून बोलणे, अल्पदृष्टी मुलास खिडकीच्या उजेडात बसविणे, लेखनात मागे असणाऱ्याची तोंडी परीक्षा घेणे या गोष्टींना खर्च येत नाही. त्या करावयाच्या आहेत हे शिक्षकास ठाऊक असावे लागते.

स्थानिक अडचणी : या पद्धतीच्या मार्गात किनाऱ्यावर काही विशिष्ट अडचणी आढळतात. पहिली भाषेची. कोळी व आगरी बोली बोलणारे, किंवा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील कातकरी व ठाकर मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्या ओळखीची नसते. त्याचे मौन हा श्रवणदोष नव्हे आणि त्याच्या चुका ही अध्ययन अक्षमता नव्हे. उलट, खरोखर ऐकू न येणाऱ्या मुलाचे मौन ‘बोलीचा संकोच’ म्हणून दुर्लक्षिले जाण्याचा धोकाही तितकाच असतो. म्हणून मुलाची पाहणी त्याच्या बोलीत व घरच्या माणसांशी बोलून झाली पाहिजे, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरी अडचण स्थलांतराची. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात. शिबिराच्या दिवशी मूल गावात नसले, तर त्याची नोंद होत नाही आणि नोंद झाली असली, तर साहित्यवाटपाच्या वेळी ते सापडत नाही. तिसरी अडचण अंतराची. अलिबाग रेवदंड्याहून सु. १८ किमी. आहे, हे अंतर फार नाही, तथापि चालता न येणाऱ्या मुलास घेऊन एकाहून अधिक वेळा रुग्णालयात जाणे म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या पालकाचे तितके दिवस बुडणे होय. २०२० मध्ये मार्चपासून महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. ज्या मुलांचे शिक्षण स्पर्शावर, उपचारावर व प्रत्यक्ष सहवासावर अवलंबून असते, त्यांना हा खंड इतरांपेक्षा अधिक जाचक ठरला.

बदललेले स्वरूप : विसाव्या शतकात सर्वसाधारण शाळेतील अपंग विद्यार्थी म्हणजे बहुधा पोलिओने पाय अधू झालेले मूल असे चित्र होते. पल्स पोलिओ मोहिमेमुळे भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. त्यामुळे शाळांपुढील कार्याचे स्वरूपच पालटले. उतरंड व कुबड्या पुरविल्या की काम झाले, अशी स्थिती राहिली नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी वस्तूंपेक्षा प्रशिक्षित माणसाची गरज अधिक असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सु. २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. ती जुन्या, मर्यादित वर्गीकरणानुसार होती.

मूल्यमापन : या इतिहासातील मध्यवर्ती वाद विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा, असा मांडला जातो. विशेष शाळेच्या समर्थकांच्या मते बधिर मुलास खुणांची भाषा जाणणारा शिक्षक आणि त्याच भाषेतील सोबती मिळणे हेच खरे शिक्षण होय; गावच्या वर्गात ते एकटे पडते. समावेशनाचे समर्थक म्हणतात, की आठ वर्षांच्या मुलास घरापासून दूर वसतिगृहात ठेवून त्याला गावाचा अनोळखी पाहुणा करणे ही शिक्षणाची फार मोठी किंमत आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु रेवदंड्यासारख्या गावातील बहुसंख्य मुलांपुढे हा पर्याय कधी नव्हताच. त्यांची निवड गावची शाळा किंवा घर यांतच होती. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा, की गावच्या शाळेत त्यांना ओळखणारे व शिकविणारे कोणी आहे काय.

याचे उत्तर शिक्षकांच्या पदांवर अवलंबून आहे. विशेष शिक्षक दीर्घकाळ योजनेच्या निधीतून, कंत्राटी पद्धतीने नेमले गेले. एका शिक्षकाकडे अनेक शाळा असल्यामुळे एका मुलाच्या वाट्यास महिन्यातून मोजक्याच भेटी येत. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ मध्ये विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याबाबत निर्देश दिले. त्यानंतर केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर दहा व त्यावरील स्तरावर पंधरा विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण २०२२ मध्ये ठरविले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

प्रमाणपत्राच्या अटीबाबतही पुनर्विचार आवश्यक मानला जातो. लाभाची विभागणी न्याय्य व्हावी म्हणून चाळीस टक्क्यांची रेषा आखावी लागते. परंतु पस्तीस टक्के श्रवणदोष असलेल्या मुलासही फळ्याकडे पाठ करून शिकविणारा शिक्षक कळत नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत साहाय्य थांबवून ठेवणे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर साहाय्य संपले असे मानणे, या दोन्ही प्रवृत्ती शाळांत आढळतात. अपंगत्वाचे मोजमाप हे वैद्यकाचे काम आहे. गरजेची ओळख हे शाळेचे काम आहे.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत मुंबईतील एका धर्मादाय शाळेपासून गावोगावच्या शाळेवरील कायदेशीर जबाबदारीपर्यंत महाराष्ट्राने मजल मारली आहे. ज्या मुलाची गैरहजेरी एके काळी आपोआप माफ होत असे, त्याची अनुपस्थिती आता शाळेस समजावून द्यावी लागते. हा बदल मूलगामी आहे. त्याची पूर्तता मात्र कायद्याच्या पुस्तकात होत नाही. वर्गातील चाळीस मुलांपैकी एक मूल काही दिवस वेगळे का वागते आहे, याकडे वेळीच पाहणारा शिक्षक आणि त्याने पाहिले ते कळविल्यावर त्या शाळेपर्यंत पोहोचणारी व्यवस्था, या दोहोंवरच ती अवलंबून राहते.